पुढे जाळी, मधला भांग

माझा मामा लोकांच्या डोक्यावर केस बसवतो. त्याच्या स्वतःच्या डोक्यावर एकही नाही आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. दुकानाला पाटी नाही. दाराच्या काचेवर फक्त 'दुरुस्ती' असं लिहिलंय, कशाची ते लिहिलेलं नाही. त्यामुळे अधूनमधून कुणीतरी मोडकी छत्री घेऊन येतं. मामा ती छत्री नीट करून देतो, म्हणजे आपण खोटं लिहिलेलं नाही असं त्याला म्हणता येतं.

मी त्याची भाची. कामाला त्याच्याकडेच असते. आमचं काम म्हणजे बारीक जाळीवर आकडीनं एकेक केस ओवून गाठ मारायची. केसांच्या मुळाकडची बाजू सगळी एकीकडे आणि टोकं सगळी दुसरीकडे लागतात. यात चूक झाली की आठवड्याभरात टोपाचा गुंता होतो आणि तो कापूनच काढावा लागतो. माप घेताना गिऱ्हाइकाच्या डोक्याभोवती पातळ प्लास्टिक गुंडाळायचं, वरून चिकटपट्टी लावायची आणि कपाळाची रेघ पेनानं काढायची. माणूस त्या वेळी इतका उघडा पडलेला असतो की काही जण डोळे मिटून घेतात.

आमच्याकडे कुणी टोप हा शब्द मोठ्यानं उच्चारत नाही. "तुमचं काम तयार आहे," एवढंच. एका वेळी एकच माणूस, मधे जाड पडदा, आत कडीवाली खोली आणि मागच्या बोळात उघडणारं दार. कुठल्याही गिऱ्हाइकाबद्दल विचारलं की मामा तोंडात गुळणी धरल्यासारखा बसतो, म्हणून सगळी गल्ली त्याला गुळणीमामा म्हणते. रस्त्यात गिऱ्हाईक समोर आलं तर तो ओळखही दाखवत नाही. मीटर बघायला येणाऱ्यालाही तो दारातच आकडा सांगून परत पाठवू बघतो. संशय हा त्याचा स्वभाव की त्याचा धंदा, हे मला इतकी वर्षं झाली तरी कळलेलं नाही.

असल्या माणसाच्या हातात स्मार्टफोन आला तो केसांच्या व्यापाऱ्यामुळे. केसांच्या रंगाचे फोटो व्यापारी फोनवरच पाठवायला लागला. मामानं फोन घेतला आणि पहिल्याच दिवशी कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली, पुढच्या आणि मागच्याही. मग फोटो काढायची वेळ आली की ती सोलायची आणि काम झालं की परत लावायची. रात्री फोन पत्र्याच्या डब्यात. "तो ऐकतो," मामा म्हणायचा. मी हसायचे.

फोनमध्ये त्यानं गिऱ्हाइकांचे नंबर ठेवले, पण नावं घातली नाहीत. फोन हरवला, चोरला, कुणी उघडला, तरी नाव सापडता कामा नये. मग ओळखायचं कसं? तर कामावरून. 'टोप आखूड, कानामागे पट्टी.' 'टोप करडा, मागे चांद झाकलेला.' 'टोप लांब, पुढे जाळी, मधला भांग.' मामाला माणूस असाच आठवतो. नाव विचाराल तर तो गोंधळेल, पण भांग विचारा, कुठल्या बाजूला किती झुकतो ते सांगेल.

आणि मग अनोळखी फोन यायला लागले. कर्ज हवंय का, विमा हवाय का, बक्षीस लागलंय. मामाची झोप उडाली. कुणीतरी पाळत ठेवतंय अशी त्याची खात्रीच झाली. शेजारी घड्याळवाले काका आहेत, त्यांच्या फोनवर एक ॲप होतं. अनोळखी नंबर आला तरी कुणाचा ते नावानिशी दाखवायचं. मामाला ते इतकं पटलं की ते आपल्या फोनात घालून घ्यायला तो स्वतः उठून त्यांच्या दुकानात गेला. एरवी तो कुणाच्या दुकानात जात नाही. "समोरचा कोण आहे ते कळल्याशिवाय आता मी उचलणारच नाही," असं ऐटीत सांगत तो परत आला. मलाही वाटलं, बरं झालं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत शाळेतल्या बाई आल्या, भर दुपारी आणि पुढच्या दारानं. त्या कॉलेजात असताना त्यांच्या डोक्यावर चाई पडायला लागली आणि वर्षभरात सगळे केस गेले. आईचा हात धरून त्या पहिल्यांदा आमच्याकडे आल्या होत्या. तेव्हापासून त्यांचं प्रत्येक काम मामाच्याच हातचं. त्यांनी पडदा ओढला आणि मामासमोर फोन धरला.

"काका, हे काय आहे?"

एका पालक बाईंनी त्यांना स्वतःच्या फोनचा फोटो पाठवला होता. फोटोत येणारा कॉल दिसत होता. खाली बाईंचा नंबर आणि वर ठळक अक्षरांत नाव: 'टोप लांब, पुढे जाळी, मधला भांग.' त्याखाली त्या पालक बाईंचा निरोप होता. "बाई, तुमचा नंबर माझ्याकडे असा दिसतो. हे खरं आहे का? मला तुम्हाला एकटीला भेटायचंय."

"मी फक्त तिची मुलगी शाळेत का येत नाही ते विचारायला फोन केला होता," बाई म्हणाल्या. "घरचा नंबर पालकांकडे नको म्हणून मी मुद्दाम नवा नंबर घेतला. तो पालकांना फोन करायला आणि तुमच्यासाठी, बाकी कुणाकडेच नाही. आता ही मला एकटीला भेटणार! कशाला? काय मागणार आहे?"

"कुणाकुणाला माहीत आहे?" मामानं विचारलं.

"आईला, नवऱ्याला आणि तुम्हाला. शाळेत कुणालाही नाही. पाचवीचा वर्ग आहे माझा, काका. एकाला कळलं की सगळ्यांना कळणार. मी फळ्यावर लिहीत असताना एखादा मागून येऊन ओढून बघेल. तसं झालं ना, तर मी त्या वर्गात परत पाय ठेवणार नाही. नोकरी सोडेन."

हे त्या रडून सांगत नव्हत्या. मामानं तो फोटो पुन्हा पुन्हा वाचला. ते शब्द त्याचे होते. असं बोलणारी माणसं गावात दोनच, तो आणि मी. बाई गेल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"बघतोस काय?" मी म्हटलं.

"काही नाही."

"मी सांगितलं असं वाटतंय तुला?"

"मी कुठे म्हटलं?"

म्हणायची गरजच नव्हती. दुसऱ्या दिवशी मी येऊन बघते तर केसांच्या कपाटाला कुलूप. बाईंचं नवं काम माझ्या टेबलावरून उचलून त्यानं स्वतःकडे घेतलेलं. माझा फोन घड्याळवाल्यांकडे ठेवून यायचा असा हुकूम. आणि दुपारी मी हात धुऊन आले तर हा माझ्या पिशवीत हात घालून उभा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मापासून ओळखतो तो मला.

"काय शोधतोयस?"

"तुमच्या घरी तो बोलका डबा आहे ना? गाणी लावणारा?"

"मग?"

"तू स्वयंपाक करताना पुटपुटतेस. तुझी आईपण पुटपुटायची. दिवसभर जे करतेस तेच तोंडात असतं तुझ्या."

मी त्याला काय वाट्टेल ते बोलले. पण घरी गेल्यावर त्या डब्यासमोर उभी राहिले आणि मलाच शंका यायला लागली. खरंच पुटपुटले असेन का? पुढे जाळी, पुढे जाळी, असं? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तू झोपेतसुद्धा बोलतेस." मी डब्याची पिन काढली. मग टीव्हीची काढली. मग नवऱ्याच्या हातातल्या घड्याळाकडे बघत बसले, ते पावलं मोजतं, आणखी काय काय मोजत असेल कोण जाणे. मामाचा रोग मला लागला होता. त्याचा मला राग येत होता, पण पिन मी परत लावली नाही.

संध्याकाळी फोन घ्यायला घड्याळवाल्यांकडे गेले तेव्हा त्यांचा फोन वाजला. पडद्यावर निळा गोल आणि ठळक नाव. ते नाव जिथे आणि ज्या अक्षरांत आलं ते मी आधी पाहिलं होतं. बाईंच्या फोटोत अगदी असंच होतं.

"काका, यात कुठलाही नंबर शोधता येतो?"

"येतो की."

मी मामाचा नंबर सांगितला, दुसरा कुठला तोंडपाठ नव्हता. काकांनी तो घातला आणि पोट धरून हसायला लागले. मामाच्या नंबरासमोर लिहिलं होतं: 'पाणी गळती.' खाली आणखी नावं: 'गॅसवाला.' 'आत्या जुनी.' 'उचलू नको.'

"तुझा मामा गळती काढतो?"

"छत्र्यांची," मी म्हटलं आणि माझा फोन घेऊन निघाले.

दुकानात आले तोवर माझ्या डोक्यात उजेड पडला होता. मामाला आमच्या गिऱ्हाइकांनी आपापल्या फोनात लपवून ठेवलं होतं, कुणी गॅसवाला करून तर कुणी आत्या करून. ती नावं त्यांनी जगाला सांगितली नव्हती, त्यांच्या फोनांतून ॲपनं उचलली होती. मग मामाच्या फोनातून काय उचललं असेल?

मी कडी लावली, माझ्या फोनवर ते ॲप घेतलं आणि माझ्याकडचे नंबर मात्र त्याला दिले नाहीत. "तुझा फोन दे," मी म्हटलं.

"कशाला?"

"तुझ्याच समोर बसते. दे."

त्यानं डबा उघडून फोन दिला. मी त्यातला एक नंबर माझ्या फोनवर शोधला. 'टोप आखूड, कानामागे पट्टी.' दुसरा शोधला. 'टोप करडा, मागे चांद झाकलेला.' मामा चष्मा पुसून माझ्या खांद्यावरून वाचत होता. पाचव्या-सहाव्या नंबराला त्यानं माझा हात धरला.

"हे माझ्या फोनातलं तुझ्या फोनात कसं आलं?"

"तू त्या ॲपला विचारलंस, फोन करणारा कोण? ते सांगायच्या बदल्यात त्यानं तुझ्याकडचे सगळे नंबर नेले, तू दिलेल्या नावांसकट. ते सगळ्यांकडून असंच गोळा करतं, म्हणूनच तर त्याला सगळ्यांची नावं माहीत."

"मला न विचारता?"

"विचारलं होतं. 'परवानगी द्या' असं आलं असेल, त्यावर तू बोट ठेवलंस."

मामा स्टुलावर बसला. "मला वाटलं, ते मला परवानगी देतायत," तो म्हणाला.

साधं नाव घातलं असतं तर कुणाला काही कळलंही नसतं. बाईंचं नाव पालकांना माहीतच होतं. नाव लपवायचं म्हणून यानं नेमकं तेच लिहिलं जे लपवायचं होतं. हे मी त्याला बोलले नाही, त्याला कळलंच होतं. मग तो म्हणाला, "तुझ्या पिशवीत हात घातला मी." मी म्हटलं, "घातलास." त्यानं कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. राग माझा गेला नव्हता, पण किल्ली मी घेतली.

त्याच्या फोनातून ॲप काढून टाकलं. ज्या ज्या ॲपला नंबर बघायची मुभा होती ती काढून घेतली. टॉर्चच्या ॲपलासुद्धा होती, टॉर्चला नंबर कशाला लागतात देव जाणे. पण आधीच गेलेलं परत येत नव्हतं. ज्याचा नंबर त्यानंच त्या ॲपकडे मागणी करून तो काढून घ्यायचा, असा त्यांचा नियम. म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगणं आलं. मामानं एकेकाला बोलावलं, समोर बसवलं आणि स्वतःच्या तोंडानं सांगितलं, "माझ्या हातून तुमचं गुपित बाहेर गेलंय." एक जण शिव्या घालून गेला. दुसरे एक गृहस्थ शांतपणे नंबर काढून घेऊन गेले आणि पुन्हा कधी आले नाहीत. मामा त्या दिवसांत नीट जेवतही नव्हता.

शनिवारी शाळा सुटल्यावर बाई आल्या, मागच्या दारानं. मी त्यांना नंबर काढून टाकायला मदत केली.

"आता नाही दिसणार?"

"नव्यानं कुणाला नाही दिसणार. पण त्या बाईंकडे जो फोटो आहे तो आहेच."

"तिचे आणखी दोन निरोप आलेत. मी उत्तर दिलेलं नाही. उत्तर दिलं की कबूल केल्यासारखं होईल," बाई म्हणाल्या. "काका, मधला भांग काढून बाजूला घ्या. त्या नावासारखी मी दिसायलाच नको."

त्यांनी टोप काढून लाकडी डोक्यावर ठेवला आणि पडद्याआड बसल्या. मामानं आकडी उचलली, तेवढ्यात पुढच्या दाराची घंटा वाजली.

दारात एक बाई. हातात पर्स घट्ट धरलेली, नजर दुकानभर फिरणारी. मामा बाहेर आला आणि पडदा त्यानं मागे नीट ओढून घेतला.

"इथं केसांचे टोप करतात का?"

"कुणी पाठवलं तुम्हाला?"

"नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्यांकडे चौकशी केली. त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. इकडे कुणीतरी आहे म्हणाले."

"छत्री असेल तर द्या. इथं दुरुस्ती होते."

तिनं फोन काढला आणि त्याच्यासमोर धरला. "असं काम करणारे तुम्हीच का? पुढे जाळी असलेलं?"

तोच फोटो. मामाचा चेहरा दगडासारखा झाला. बाई चार हातांवर पडद्याआड, उघड्या डोक्यानं, आणि ही त्यांच्या मागावर थेट इथंवर आलेली!

"असलं काही इथं होत नाही," मामा म्हणाला. "आणि लोकांचे नंबर दाखवत फिरणं शोभत नाही तुम्हाला."

"मी दुसऱ्या कुणालाही दाखवलेलं नाही हो. मला फक्त..."

"दार ओढून घ्या जाताना."

ती वळली आणि बाहेर गेली. तेव्हा मला काचेतून दिसलं, पायरीवर एक मुलगी उभी होती. उन्हाच्या तापात लोकरीची टोपी, कानांच्या खाली ओढलेली, आणि हातांनी ती दोन्ही बाजूंनी धरून ठेवलेली. आमच्या धंद्यात असले हात ओळखायला वेळ लागत नाही. मामानंही पाहिलं. त्याचा हात हवेत तसाच राहिला.

मागे पडदा सरकला. बाईंनीही फटीतून पाहिलं होतं.

"माझ्या वर्गातली आहे," त्या म्हणाल्या. "हिच्यासाठीच मी फोन केला होता, शाळेत का येत नाही म्हणून."

मामा दाराकडे निघाला. "मी बोलावतो. चुकलं माझं."

"तुम्ही थांबा, काका."

बाईंनी लाकडी डोक्यावरचा टोप उचलून घातला, आरशातसुद्धा पाहिलं नाही आणि पुढच्या दारानं रस्त्यावर गेल्या. आम्ही काचेतून बघत होतो. कोपऱ्यावर त्यांनी त्या दोघींना गाठलं. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. मुलीच्या आईनं दोन्ही हात तोंडावर धरले. मुलगी मात्र बाईंच्या कपाळाकडे टक लावून बघत होती.

तिघी परत आल्या. बाई आम्हाला म्हणाल्या, "तुम्ही दोघं बाहेर बसा. फोन सगळे बाहेर. आईंनीपण बाहेरच बसायचं." आणि मुलीला आत घेऊन त्यांनी कडी लावली.

आम्ही पायरीवर बसलो, मामा, मी आणि ती आई. ती हळूहळू सांगत होती. मुलीच्या उशीवर केस सापडायला लागले, मग डोक्यावर चट्टे, मग शाळेला जायचं नाही म्हणून रडारड. "बाईंचं ते नाव दिसलं आणि मला वाटलं, देवच भेटला. त्यांना एकटीला भेटायचं म्हणाले, कारण चारचौघांत कसं विचारू? त्यांनी उत्तरच दिलं नाही."

मग तिनं फोन माझ्याकडे दिला. "हा फोटो पुसायचाय. मला नीट येत नाही." मी तो पुसला, मग कचऱ्याच्या डब्यातून पुसला, कारण तिथं तो महिनाभर पडून राहतो. निरोपातूनही काढला. मामा प्रत्येक वेळी वाकून बघत होता, खरंच गेला का म्हणून.

आतून मुलीचा आवाज एकदाच मोठा झाला. "आणि मी वर्गात सांगितलं तर?"

मामानं डोळे मिटले. बाईंनी जे उत्तर दिलं ते इतक्या हळू की काही कळलं नाही. आई उठून दाराला कान लावायला गेली, तर मामानं तिला हातानंच थांबवलं.

बऱ्याच वेळानं कडी निघाली. मुलीच्या डोक्यावर टोपी नव्हती. चट्टे सगळे उघडे होते, आणि हातात बाईंचा टोप, तो ती आतून जाळी कशी आहे ते बघत होती. तिच्या मागे बाई उघड्या डोक्यानं उभ्या होत्या, आमच्या सगळ्यांच्या समोर.

"काय म्हणाल्या गं बाई?" आईनं विचारलं. "काय ठरलं तुमचं?"

मुलीनं वळून बाईंकडे पाहिलं.

"ते आमचं आहे, आई," ती म्हणाली, आणि मामाला विचारलं, "माझं किती दिवसांत होईल?"